सरका सिस्टर

मिस्टर आजारी नव्हते, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. त्या महिन्यात इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी येऊन त्यांना बघून गेलं, दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला, आणि सगळ्यांनी मिळून इतकी सफरचंदं आणली की फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याला जागा उरेना. पण मिस्टर अगदी ठणठणीत होते. झालं होतं ते सिस्टरना. सिस्टरना शिकवायचं होतं.

सिस्टर म्हणजे इस्पितळात एकतीस वर्षं नोकरी करून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या वॉर्ड सिस्टर. नवऱ्याचा उल्लेख त्या 'आमचे मिस्टर' असा करत, म्हणून इमारतीनं त्या दोघांना सिस्टर आणि मिस्टर करून टाकलं होतं. मिस्टर पूर्वी एका कचेरीत होते. तिथं ते काय करत हे त्यांनी कधी कुणाला नीट सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

निवृत्तीनंतर सिस्टरनी पहिल्या दोन महिन्यांत घरातली कपाटं लावली, पुढच्या दोन महिन्यांत ती परत लावली, आणि त्यानंतर घरातली माणसं लावायला घेतली. सूनबाई कणीक मळायला बसली की मागून आवाज यायचा, "सरक गं, मी करते." मुलगा नळाचा वॉशर बदलायला लागला की, "सरक, मी करते." मिस्टरांना तर बुटाची नाडी बांधायलाही स्वतंत्रपणे मिळत नसे. घरात सगळ्यांना सरकायची इतकी सवय झाली होती की सिस्टर नुसत्या खोलीत आल्या तरी जो तो आपोआप अर्धा हात बाजूला व्हायचा.

अशात एक दिवस त्या एका ओळखीच्या आजींना भेटायला दवाखान्यात गेल्या. तिथं नव्यानं लागलेली एक नर्सिंग असिस्टंट आजींच्या अंगाखालची चादर बदलत होती. बदलत कसली, ओढत होती. आजी चादरीबरोबर पलंगाच्या कडेपर्यंत आल्या आणि "अगं आई गं" म्हणाल्या. सिस्टरनी त्या मुलीला सरकवलं, चादर स्वतः घातली आणि घरी येऊन दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं.

"मी एका आजींची चादर घातली," त्या मिस्टरांना म्हणाल्या. "उद्या तीच मुलगी दुसऱ्या आजींना ओढणार आहे. या पोरींना कुणी शिकवायला नको का?"

"हवं की," मिस्टर पेपरमागून म्हणाले. हे दोन शब्द त्यांना पुढं फार महागात पडले.

जवळच नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण देणारं एक केंद्र होतं आणि तिथं प्रशिक्षकाची जागा रिकामी होती. सिस्टरना वाटलं, आपण नुसतं दारात उभं राहिलो तरी लोक हार घेऊन धावत येतील. दारात एक कारकून होता आणि तो धावला नाही.

"अनुभव?" त्यानं अर्जावरून नजर न उचलता विचारलं.

"एकतीस वर्षं."

"तो नोकरीचा. शिकवण्याचा?"

"वॉर्डात आलेली प्रत्येक नवी मुलगी माझ्याच हाताखाली शिकून गेली."

"मग तसं पत्र आणा. आणि फोटो दुसरा लावा. यात कान दिसत नाहीत."

कानांचं एवढं काय काम, हे सिस्टरना कळलं नाही. पत्रासाठी त्या जुन्या इस्पितळात मेट्रनकडे गेल्या. ही मेट्रन म्हणजे एके काळी त्यांच्या वॉर्डात थरथरत आलेली मुलगी. आता तिच्या टेबलावर घंटी होती. तिनं उठून नमस्कार केला, चहा मागवला, आणि पत्राचं ऐकल्यावर मात्र पेन हातात घेऊन नुसतीच बसून राहिली.

"सिस्टर, पत्र देते. पण खोटं कसं लिहू?"

"खोटं?"

"तुम्ही शिकवलंत कधी? आम्ही हात पुढं केला की तुम्ही म्हणायचात, सरका, मी करते. आम्ही सरकायचो. सहा वर्षं होते मी तुमच्या वॉर्डात. पेशंट पलंगावर असताना चादर बदलायला मला पहिल्यांदा मिळाली ती तुम्हाला कावीळ झाली तेव्हा. सगळं इस्पितळ तुम्हाला सरका सिस्टर म्हणायचं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सरका सिस्टर हे नाव सिस्टरना चांगलं माहीत होतं. ते नाव हाडांच्या वॉर्डातल्या सिस्टरचं आहे अशी त्यांची समजूत होती आणि त्यावर त्या कितीतरी वेळा पोटभर हसल्याही होत्या. आता त्यांना फार वाईट वाटलं. एवढी वर्षं आपण एवढ्या मुली तयार केल्या असं मनाशी धरून चाललो, आणि त्या सगळ्या शहाण्यासारख्या भिंतीशी उभ्या राहून आपल्याकडे बघत होत्या तर. चहाचा कप त्यांनी अर्धाच ठेवला.

मेट्रन माणूस चांगली होती. तिनं खूप विचार करून एकच ओळ लिहिली: 'यांच्या हाताखाली अनेक परिचारिका उभ्या राहिल्या.' यातला प्रत्येक शब्द खरा होता. कारकुनानं ती ओळ वाचून समाधानानं शिक्का मारला.

जागेवर बसण्याआधी सिस्टरना शिकवणाऱ्यांना शिकवण्याचा बारा दिवसांचा वर्ग करायचा होता आणि शेवटी एक नमुना पाठ द्यायचा होता. वर्ग घेणारी चष्मेवाली मॅडम सिस्टरच्या सुनेच्या वयाची होती आणि बोलताना कुणालाही दुखवत नसे, त्यामुळं तिच्याशी भांडायचीही सोय नव्हती.

"चांगल्या प्रशिक्षकाचे हात कुठं असतात?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"पेशंटवर," सिस्टर सगळ्यांच्या आधी म्हणाल्या.

"पाठीमागे," मॅडम हसून म्हणाली. "काम विद्यार्थिनी करणार. आपण सांगायचं, विचारायचं आणि थांबायचं."

मग तिनं परीक्षेची गुणपत्रिका फळ्यावर काढली. शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'हस्तक्षेप'. पाठ चालू असताना प्रशिक्षकानं हात घातला की तिथं एक फुली. तीन फुल्या झाल्या की नापास, आणि पुढची परीक्षा वर्षानं. सिस्टरनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत या हातांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती.

घरी सराव सुरू झाला. पेशंट मिस्टर, विद्यार्थिनी सूनबाई. मुलगा पहिल्याच दिवशी कामाचं निमित्त काढून सटकला. सूनबाईनं मात्र ऑफिसमधून आल्याबरोबर पदर खोचला. दोन वर्षांत सासूबाई पहिल्यांदाच आपल्याला काही करू देणार होत्या, ही संधी ती सोडणार नव्हती. तिनं फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हस्तक्षेप.

"आधी पेशंटशी बोल," सिस्टर हात मागं बांधून म्हणाल्या. "म्हण, आपण आता कुशीवर वळूया."

"आपण आता कुशीवर वळूया," सूनबाई म्हणाली.

"दोघांना पलंग पुरेल का?" मिस्टर म्हणाले.

"पेशंटनं बोलायचं नाही!" सिस्टर कडाडल्या, आणि बोलता बोलता मिस्टरांचा खांदा त्यांनी स्वतःच वळवून टाकला. सूनबाईनं शांतपणे जाऊन फ्रिजवर फुली मारली. पहिल्या दिवशी एक्केचाळीस फुल्या झाल्या. त्यांतल्या चार पेशंटला गप्प करण्यासाठी होत्या, त्या धरू नयेत असा सिस्टरचा अर्ज नामंजूर झाला.

पाठटाचण लिहायची पाळी आली तेव्हा सिस्टरना खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांची आठवण झाली. ते हौसेनं लाल पेन घेऊन वर आले. दार लोटलेलंच होतं. आत त्यांना जे दिसलं ते असं: मिस्टर हनुवटीपर्यंत पांढरी चादर ओढून डोळे मिटून पडलेले, सूनबाई पलंगाशी रडवेली होऊन म्हणत होती, "आई, आता काय करू?" आणि सिस्टर दोन्ही हात मागं घेऊन म्हणत होत्या, "आता मी काहीही करू शकत नाही."

हेडमास्तर पाऊल न वाजवता मागं फिरले. तासाभरात सगळ्या इमारतीला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून सफरचंदं यायला लागली.

यात मिस्टरांनी एका शब्दानं खुलासा करायला हवा होता. त्यांनी तो केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघं त्यांच्या भोवती बसून त्यांचं कौतुक करत होते. 'फार सरळ माणूस' असं कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हणालं आणि ते त्यांना पटत गेलं. लोक यायचे तेव्हा सिस्टर वर्गाला गेलेल्या असत, सूनबाई ऑफिसात; आणि एवढी सफरचंदं कुठून आली असं विचारलं की मिस्टर 'स्वस्त मिळाली' म्हणायचे. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सिस्टरना जिन्यात गाठून "धीर सोडू नका हो" म्हणत मिठी मारली, तेव्हा सगळा उलगडा झाला. लोक फार चिडले. आजारी नव्हते तर सफरचंदं का खाल्ली, असं काकूंनी मिस्टरांना तोंडावर विचारलं.

हेडमास्तर मात्र चिडले नाहीत, कारण पाठटाचण तपासायचं राहिलं होतं. 'उद्दिष्ट: विद्यार्थिनी चादर घालेल' या वाक्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली.

"घालेल म्हणजे? विद्यार्थिनी काय अंगात घालणार आहे ती? अंथरेल लिहा."

"इस्पितळात चादर घालतात," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही जन्मात एकदा तरी अंथरलीय का?"

"आणि याला प्रस्तावना कुठं आहे? पाठ एकदम चादरीवर येत नाही, सिस्टर. विषयाकडे प्रश्नांतून जायचं असतं. विचारा, मुलींनो, आपण कशावर झोपतो?"

सिस्टरना हे पटलं नाही, पण शिकवण्याच्या बाबतीत आपलं काही खरं नाही, हे मेट्रनच्या खोलीत बसल्यापासून त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यांनी निमूटपणे प्रस्तावना लिहिली. परीक्षेच्या आदल्या दिवशी फ्रिजवर सहा फुल्या होत्या. एक्केचाळिसांवरून सहावर येणं ही काही साधी गोष्ट नव्हे, पण नापास व्हायला तीन पुरत होत्या.

त्याच दिवशी केंद्रातून निरोप आला. सिस्टर धावतच कारकुनाकडे गेल्या.

"सरावाचा डमी पेशंट दुरुस्तीला गेलाय," कारकून म्हणाला. "मुलींनी चुकीचा उचलला. कमरेतून गेला. तुमचा पेशंट तुम्ही आणा."

"आणते. आमचे मिस्टर आहेत."

"पण त्यांच्या तब्येतीचा दाखला लागेल. पेशंट होण्यास सक्षम असल्याचा."

मिस्टरांना घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती ऐकली, जीभ बघितली आणि विचारलं की नक्की काय होतंय. काही होत नाही, हेच लिहून हवंय, असं सिस्टरनी सांगितलं. तेवढ्यात त्यांना दिसलं की डॉक्टरांच्या तपासणीच्या पलंगावरची चादर चुरगळली आहे. त्या उठल्याच होत्या. मिस्टरांनी त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवलं.

परीक्षेच्या सकाळी सिस्टरनी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली. मिस्टरांनी नवा पायजमा घातला आणि भांग पाडला. विद्यार्थिनी तीन होत्या. दोघींनी नुसतं बघायचं आणि दोन वेण्या घातलेल्या तिसरीनं काम करायचं. ही मुलगी केंद्रात येऊन आठवडाच झाला होता. तिचे हात इतके घामेजले होते की ती ते सारखे ओढणीला पुसत होती. खोलीच्या कोपऱ्यात चष्मेवाली मॅडम गुणपत्रिका मांडीवर घेऊन बसली.

"मुलींनो," सिस्टरनी सुरुवात केली, "आपण कशावर झोपतो?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. "खाली," एक म्हणाली. "माझी चुलत बहीण आली की मी सोफ्यावर," दुसरी म्हणाली. दोन वेण्यांच्या मुलीला वाटलं, हा प्रश्न पुस्तकात होता आणि आपण तो वाचलाच नाही. ती आणखीच पांढरी पडली. सिस्टरनी मनातल्या मनात हेडमास्तरांचा उद्धार केला, टाचणाचा कागद घडी करून कमरेला खोचला आणि त्या पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ते राहू दे. हे आजोबा उठू शकत नाहीत. त्यांना न उठवता चादर बदलायची. कर बघू." हे म्हणता म्हणता त्यांनी मिस्टरांच्या डोक्याखालची वाकडी झालेली उशी सरळ केली.

मॅडमचं पेन हललं. एक.

सिस्टरनी हात मागं घेतले आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट करकचून धरलं. मुलीनं स्वच्छ चादर उचलली. घामेजल्या हातातून ती निसटली आणि जमिनीकडे निघाली. खाली पडलेली चादर पलंगावर येत नाही, हे सिस्टरच्या हाडांत भिनलेलं होतं. चादर जमिनीपासून वीतभर वर असताना त्यांनी ती झेलली. झेलल्यावरच त्यांना कळलं की आपण झेलली.

दोन.

आणखी एकदा हात पुढं आला की वर्ष गेलं. पण सिस्टरना वर्षापेक्षा मेट्रनची ती खोली डोळ्यांपुढं दिसत होती. आपल्याला शिकवता येतच नाही, हे आज कागदावर लिहून मिळणार होतं.

मुलगी पेशंटजवळ आली. "आजोबा, आपण आता कुशीवर वळूया," ती हळूच म्हणाली आणि तिनं मिस्टरांच्या खांद्यावर आणि कमरेवर हात ठेवला. हात बरोबर ठेवले होते. पण पलीकडच्या बाजूचा कठडा तिनं वर केलाच नव्हता. मिस्टरांना जरा जोर लागला असता तर ते वळून थेट फरशीवर गेले असते, आणि मिस्टर तर इतके आज्ञाधारक पेशंट झाले होते की ते स्वतःच वळायला लागले होते.

"सर—" सिस्टरच्या तोंडून निघून गेलं.

मॅडमनं पेन उचललं. मुलगी बाजूला व्हायला निघालीच होती. सिस्टरनी तिचा तो चेहरा पाहिला. हाच चेहरा एकतीस वर्षं त्यांच्या वॉर्डात भिंतीशी उभा होता, आणि त्यांनी तो कधी नीट बघितला नव्हता.

"सर... सरळ उभी राहा," सिस्टर म्हणाल्या. "अहो, तुम्ही हलू नका! आणि मुली, तू मला सांग. हे आत्ता पडले, तर कुठं पडतील?"

मुलीनं वाकून पलीकडं बघितलं. "तिकडं. खाली."

"मग?"

तिनं कठड्याकडे बघितलं. मग पलंगाला वळसा घालून गेली, कठडा वर केला, खट्ट झालं तरी हलवून बघितला आणि परत आपल्या जागी आली. मॅडमचं पेन कागदाला न लागताच खाली आलं.

त्यानंतरची नऊ मिनिटं सिस्टरच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. मुलीनं जुनी चादर मिस्टरांच्या पाठीपर्यंत गुंडाळत नेली, नवी तिच्याशेजारी पसरली, त्यांना त्या उंचवट्यावरून अलगद अलीकडे घेतलं. सगळं सावकाश, सिस्टरनी दीड मिनिटात उरकलं असतं ते. आणि शेवटी मिस्टरांच्या कमरेशी एक सुरकुती राहिली. अशाच सुरकुतीनं पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखम होते. सिस्टरना ती त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात गेल्यासारखी खुपत होती. त्यांची बोटं एकमेकांत रुतली, पण त्या थांबल्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मुलगी "झालं" म्हणणार होती. मग तिनं मिस्टरांच्या पाठीखालून तळहात फिरवला, कमरेशी थांबली, "नाही" म्हणाली आणि चादर दोन्ही हातांनी ताणून गादीखाली खोचली.

गुणपत्रिकेत पेशंटचा अभिप्राय घ्यायचा होता. मॅडमनं दोनदा हाक मारली. मिस्टरांना गाढ झोप लागली होती आणि ते बारीक घोरत होते. मॅडमनं थोडा विचार करून त्या रकान्यात 'उत्तम' असं लिहिलं.

"सिस्टर, मी केलं ना?" दोन वेण्यांची मुलगी विचारत होती.

"तूच केलंस," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांना एकदम भरून आलं. चष्मेवाली मॅडम शहाणी होती, ती उगाच खिडकी लावायला गेली.

सिस्टर पास झाल्या. सोमवारपासून कामावर या, असं कारकुनानं सांगितलं आणि वर नव्या फोटोत कान छान आल्याचंही सांगितलं. पण इतका वेळ हात मागं आवळून ताठ उभं राहिल्यामुळं घरी पोचेपर्यंत त्यांची पाठ धरली. पलंगावर आडव्या झाल्या त्या उठायलाच येईना. हेडमास्तर पेढ्यांऐवजी सफरचंद घेऊन आले आणि प्रस्तावनेचा उपयोग झाला का म्हणून विचारून गेले.

संध्याकाळी सूनबाई धुतलेली चादर घेऊन आली. मिस्टरांनी कठडा म्हणून पलीकडच्या बाजूला दोन खुर्च्या लावल्या आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. इतके दिवस चादरीवर पडून ते सगळं शिकले होते, हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अहो, तुम्हाला जमायचं नाही," सिस्टर पडल्या पडल्या म्हणाल्या. "तो कोपरा उलटा खोचताय. द्या इकडे, मी—"

"अगं, सरक," मिस्टर म्हणाले. "मी करतो."

सूनबाई चादरीचं दुसरं टोक धरून श्वास रोखून उभी राहिली. सिस्टरनी त्या उलट्या खोचलेल्या कोपऱ्याकडे बघितलं, मिस्टरांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

आणि सिस्टर सरकल्या.